मालक असूनही बेवारस: मखमलाबादच्या बाजूच्या तीन लहान कुत्र्यांचं प्रकरण

नाशिकच्या पंचवटी भागात जखमी-आजारी जनावरांसाठी धावपळ करणारे आम्ही काही जण आहोत. संस्था वगैरे नाही. नोकरी-धंदा सांभाळून जमेल तेवढं करतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला उचलून दवाखान्यात नेणं आता अंगवळणी पडलं आहे. पण कुत्र्याला घर आहे, मालक आहे, आणि तरी ते रस्त्यावर झिजतंय, तिथं काय करायचं हे आम्हाला या प्रकरणात टप्प्याटप्प्यानं ठरवावं लागलं. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत, कुत्र्यांची बदलली आहेत, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

मखमलाबादच्या बाजूला शहर आणि मळे एकमेकांत घुसलेले आहेत. पुढच्या दारी डांबरी रस्ता, मागच्या दारी द्राक्षबाग नाहीतर कोबी-फ्लॉवरचं वावर. अशाच एका रो-हाऊसच्या ओळीतलं हे घर. मालक भाजीपाल्याच्या वाहतुकीत. पहाटे दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात टेम्पो लावायचा, दुपारी घरी येऊन पडायचं, संध्याकाळी पुन्हा मळ्यांवर माल भरायला निघायचं. त्यांच्या पत्नी सातपूरला कंपनीत कामाला. दोन मुलं कॉलेजच्या वयाची. आणि घरात कायम असणाऱ्या एकट्या आजी, म्हणजे मालकांच्या आई, गुडघ्यांनी बसवलेल्या.

राणी ही पांढरी पॉम. आपल्याकडं पॉमेरियन म्हणून सर्रास विकली जाते ती स्पिट्झ. लॉकडाऊनमध्ये मुलांना विरंगुळा म्हणून घेतलेली. बंड्या तिचाच मुलगा, बाप गल्लीतला कुणीतरी. तिसरा बबलू, शिह त्झू जातीचा. मुलाच्या निकालाचं बक्षीस म्हणून नाशिकच्याच द्वारका भागातल्या एका माणसाकडून खोक्यात घालून आणलेला. पावती नाही, लसीकरणाचं पुस्तक नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. घेणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि विकणाऱ्यानं सांगितलं नाही.

पहाटे टेम्पो काढताना घराचं फाटक उघडायचं ते रात्रीच लागायचं. तेवढा वेळ तिन्ही कुत्री बाहेर. सकाळी मिसळीच्या गाड्याजवळ, दुपारी उभ्या गाड्यांच्या सावलीत, संध्याकाळी कालव्याच्या कडेनं. लोक बिस्किटं घालायचे, सिक्युरिटीचे काका डब्यातला भात ठेवायचे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे फोटो यायचे, हळहळ व्हायची. पण "त्यांना मालक आहे" या तीन शब्दांपाशी सगळं थांबायचं. बेवारस कुत्र्यासाठी ज्यांनी स्वतःची गाडी काढली असती, ती माणसंसुद्धा इथं मागं सरायची. वर्षभर त्या घराची बेल कुणी वाजवली नाही.

अडचण

मार्चअखेर तीन गोष्टी एकाच सुमारास घडल्या.

पहिली, बबलूचा डोळा. शिह त्झूचे केस आयुष्यभर वाढत राहतात, रोज विंचरावे लागतात. बबलूच्या अंगावर त्यांच्या जटा झाल्या होत्या आणि तोंडावरच्या केसांनी डोळे झाकले गेले होते. उजव्या डोळ्यातून पिवळट घाण यायला लागली, तो पंजानं डोळा चोळू लागला. एका शेजाऱ्यानं कळवळ्यानं घरातले उरलेले डोळ्यांचे थेंब त्याला घालायला सुरुवात केली. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, जखम असताना स्टेरॉइडचे थेंब घातले तर जखम भरण्याऐवजी खोल जाते, कधी डोळा फुटतो. बाटलीचा फोटो ग्रुपवर आला म्हणून हे कळलं, आणि थेंब त्याच दिवशी बंद झाले.

दुसरी, राणी माजावर आली. तिच्यामागं गल्लीतली मोठी कुत्री लागली. त्यांच्या भांडणात एका मुलाच्या पोटरीला बंड्याचा दात लागला. जखम वरवरची, पण ओरखड्यातून रक्त आलेलं. मुलाच्या आईनं साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. तिथं रेबीजची लस सुरू झाली आणि रक्त आलेलं असल्यानं जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही दिलं गेलं. बंड्याला लस दिली होती का, याचं उत्तर घरात कुणालाच खात्रीनं देता येईना.

तिसरी, बिबट्या. मागच्या मळ्यात पायाचे ठसे दिसले, एका वस्तीवरचं कुत्रं रात्रीतून नाहीसं झालं आणि वनविभागानं पिंजरा लावला. नाशिककरांना हे नवीन नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के निघाला होता. पाच-सात किलोचं कुत्रं रात्री उशिरापर्यंत मळ्याच्या बांधावर हिंडत असेल तर त्याचा जीव तर धोक्यात असतोच, शिवाय बिबट्याला घरांपर्यंत येण्याचं कारणही मिळतं.

सोसायटीची बैठक झाली. सूर तापलेला. "महापालिकेची गाडी बोलवा आणि उचलून न्या" इथपासून "पोलिसांत द्या" इथपर्यंत सगळं बोलून झालं. त्या बैठकीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं रात्री आम्हाला फोन केला. पुढं सगळे त्यांना बाई म्हणतात तसं मीही म्हणतो.

समोर असलेले मार्ग

महापालिकेची गाडी हा मार्ग लगेच बाजूला पडला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरची कुत्री पकडायची, निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचं आणि होती तिथंच आणून सोडायची. पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनिर्मूलन, निर्बीजीकरण ही जबाबदारी त्याच नियमांनी मालकावर टाकली आहे. म्हणजे गाडी आली असती तरी कुत्री परत त्याच रस्त्यावर आली असती.

गुपचूप उचलून नेणं. हे आमच्यातल्या तरुण मुलांना सर्वांत जवळचं वाटत होतं, आणि बबलूचा डोळा पाहिल्यावर तसं वाटणं साहजिक होतं. पण कायद्याच्या दृष्टीनं कुत्रं ही मालकाची मालमत्ता आहे, परवानगीशिवाय नेणं म्हणजे चोरीचा आरोप ओढवून घेणं. त्याहून मोठी अडचण वेगळी होती. बंड्यानं मुलाला दात लावलेला. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. ते धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरता येतं. त्या दहा दिवसांत बंड्या दृष्टीआड झाला असता तर त्या मुलाच्या आईबापांच्या जिवाला घोर लागला असता. आणि रिकाम्या झालेल्या घरात महिन्याभरात नवं पिल्लू आलं नसतं, याची खात्री कोण देणार?

पोलीस तक्रार. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० याचं कलम ११ इथं लागू होतं. मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, सबळ कारणाशिवाय जनावराला भुकेनं-तहानेनं त्याचे हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं, हे त्यात गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. कित्येक दशकं हा आकडा तोच आहे. या प्रकारचा गुन्हा अदखलपात्र असल्यानं पोलीस नोंद घेऊन न्यायालयाचा रस्ता दाखवतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जास्त धारदार आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यासाठी धोका जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा असावा लागतो. पोटरीवरचा ओरखडा तिथपर्यंत नेणं अवघड, आणि नेला तरी बबलूचा डोळा तारखेची वाट बघत थांबणार नव्हता.

रस्त्यावरच उपचार करणं. हेही बोलून झालं. पण गोचिडीतून येणारा ताप निघाला तर त्याची गोळी २८ दिवस रोज, जेवणाबरोबर द्यावी लागते. डोळ्यात थेंब दिवसातून अनेकदा. संध्याकाळी कालव्याकडं गेलेल्या कुत्र्याच्या मागं थेंबांची बाटली घेऊन कोण फिरणार?

उरलं ते मालकाशी बोलणं. सर्वांत साधा मार्ग, आणि त्याचाच सगळ्यांना सर्वांत जास्त संकोच.

पहिला निर्णय: बोलायचं कुणी

आम्ही जायचं नाही असं ठरलं. अनोळखी चार माणसं मोबाईल पुढं धरून दारात उभी राहिली की घरातला माणूस पहिल्यांदा आपली अब्रू वाचवतो, कुत्रं नंतर. बाईंनी त्या घरातल्या मुलीची दहावीची शिकवणी घेतलेली होती, आजींना त्या संक्रांतीला तिळगूळ देत. त्या एकट्या गेल्या, मालक झोपून उठल्यावर, दुपारी चहाच्या वेळी. एक मात्र त्यांना आधी सांगून ठेवलं: आठवड्याभरात काहीच हललं नाही तर लेखी तक्रार द्यायची. अर्जाचा मसुदा, तारीख घातलेले फोटो आणि मुलाच्या दवाखान्याचा कागद तयार ठेवला.

बाईंनी नंतर सांगितलेलं ते बोलणं जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो.

"दादा, तुमची कुत्री न्यायला आलेले नाही मी. बबलूचा डोळा जाईल, तेवढं सांगायला आले."

"बाई, मी काय त्यांना मारतो का? खातात, पितात, हिंडतात. गावाकडं आमच्या मळ्यावरची कुत्री अशीच मोकळी असायची. बांधून घातलेलं जनावर मला बघवत नाही."

"मळ्यावरची कुत्री अंगानं थोराड, दादा. बबलूला केसांमुळं समोरची गाडी दिसत नाही. आणि राणीच्या कानात हात घालून बघा एकदा."

त्यांनी घातला. कानाच्या आत गोचिडांचा थर होता. ते म्हणाले, "मागं फवारणीचं औषध लावलं होतं की मी." बागेवर मारायचं कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला चोळायचं, हा प्रकार आमच्या भागात बराच चालतो. ते चाटण्यातून पोटात जातं, मग लाळ गळते, अंग थरथरतं, लहान कुत्रं त्यात दगावतंसुद्धा. बाईंनी हे सांगितल्यावर ते गप्प झाले.

मग वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, बोलल्या. सकाळी साडेसातची बस, घरी यायला संध्याकाळ, आल्यावर सासूबाईंचं सगळं. "कुणीतरी घेऊन जावीत असं मला वर्षभर वाटतंय. पण लोक म्हणतील, हौसेनं आणली आणि टाकली." माझ्या मते हे या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. या घरात क्रौर्य नव्हतं. झेपत नाही हे कबूल करण्याची सोय नव्हती.

त्या दिवशी मालकांनी एवढंच मान्य केलं: दवाखान्यात न्या, बघून आणा. कुत्री देण्याचं नाव काढलं नाही, आणि बाईंनीही काढलं नाही. बंड्याला मात्र दहा दिवस घराबाहेर सोडायचं नाही, हे त्यांनी त्याच बैठकीत वदवून घेतलं. आजींनी ते काम स्वतःकडं घेतलं.

दुसरा निर्णय: आधी काय

बबलूला टेबलावर घेतला तेव्हा कात्री चालेचना. जटा कातडीला इतक्या लगटलेल्या की कात्रीचं टोक कातडीत जायची भीती. मशीनचं बारीक पातं कातडीला टेकवून, जटेच्या खालून, इंच इंच सरकवत न्यावं लागलं. पाठीवरचं सगळं आवरण घोंगडीच्या तुकड्यासारखं अखंड निघालं. खाली कातडी लाल, ओली. बोटांच्या बेचक्यांत कुसळं रुतलेली, एका ठिकाणी कुसळ आत शिरून गाठ झालेली. तेवढा वेळ तो हलला नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं इतकं जुनं आहे की यानं तक्रार करणंच सोडलंय.

डोळ्यात फ्लोरेसीन या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. कॉर्नियावर हिरवा डाग उमटला, म्हणजे जखम. खोल होती पण आरपार नव्हती. अँटिबायोटिक थेंब, वेदनाशामक, आणि चोळू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. हे सगळं त्या घरात होणं शक्य नव्हतं, आणि वहिनींनी आपण होऊन तसं सांगितलं. म्हणून बबलू उपचारापुरता इंदिरानगरच्या एका घरी राहायला गेला. "उपचारापुरता" हे कागदावर लिहून मालकांची सही घेतली.

राणीच्या बाबतीत पेच खरा होता. ती माजावर, मागं कुत्री लागलेली, पोटात पिल्लं राहिली असतील का कळायला मार्ग नाही. आमच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं, लगेच निर्बीजीकरण करून टाका, परत संधी मिळेल न मिळेल. पण रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप कमी निघाल्या, आणि एर्लिकियाची चाचणी पॉझिटिव्ह. हा गोचिडीतून येणारा आजार. रक्त गोठायला वेळ लागतो, त्यात माजाच्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. अशा वेळी पोट उघडणं जोखमीचं. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स आधी, शस्त्रक्रिया नंतर, असं सुचवलं. आम्ही ते मान्य केलं, पण एक अट घालून: मधल्या काळात ती नर कुत्रं नसलेल्या घरात राहील, आणि ती किती पाणी पिते यावर रोज लक्ष ठेवलं जाईल. माज संपल्यावर पुढच्या काही आठवड्यांत, विशेषतः मोठ्या वयाच्या मादीत, गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. त्याची पहिली खूण बऱ्याचदा वाढलेली तहान हीच असते.

ती अट कामाला आली. कोर्स संपत आला आणि राणी वाडगं रिकामं करून पुन्हा पाण्यापाशी जाऊ लागली, खाणं कमी झालं. सोनोग्राफीत पिल्लं नव्हती, पू साठायला सुरुवात झाली होती. तोवर प्लेटलेट सावरल्या होत्या, त्यामुळं लगेच शस्त्रक्रिया करता आली. तीच राणी त्या वेळी रस्त्यावर असती तर तिची तहान कुणाच्या लक्षात आली असती? उन्हाळा आहे, पाणी पितेय, एवढंच म्हटलं गेलं असतं.

तिसरा निर्णय: कुणाला ठेवायचं, कुणाला द्यायचं

बबलूचे केस काढलेले फोटो आणि डोळ्यातली सुधारणा मालकांनी पाहिली. मग एके दिवशी त्यांनीच बाईंना विचारलं, तिकडं तो बरा राहतोय तर राहू दे का? राणीबद्दलही तेच. त्या दोघांसाठी साध्या कागदावर हस्तांतर लिहून घेतलं: कुत्र्याचं वर्णन आणि फोटो, "मी स्वखुशीने ताबा देत आहे, यापुढे हक्क सांगणार नाही", तारीख, सही, दोन साक्षीदार, ओळखपत्राची प्रत. यात कुठंही दोषारोपाचं वाक्य घातलं नाही. कागद ताबा बदलण्यासाठी होता, आणि त्यात ठपका ठेवला असता तर सही झाली नसती.

बंड्यावरून मात्र आमच्यात मतभेद झाले. काहींचं म्हणणं, दोन कुत्र्यांची ही दशा केलेल्या घरात तिसरं ठेवायचंच कशाला? प्रश्न रास्त होता. पण दहा दिवस बंड्याला घरात ठेवण्याचं काम आजींनी चोख केलं होतं. तो त्यांच्या खाटेखाली झोपायचा, त्या उठल्या की उठायचा. बाईंना त्या म्हणाल्या, "दिवसभर या घरात माझ्याशी बोलायला तोच आहे गं." ज्या घरात एक माणूस दिवसभर आहे आणि त्याला कुत्रं हवं आहे, तिथून कुत्रं काढणं मला पटत नव्हतं. शेवटी बंड्या तिथंच राहिला. अटी ठरल्या: निर्बीजीकरण, रेबीजची आणि इतर लस, महापालिकेचा परवाना, फाटकाला खालून जाळी, आणि सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून फिरवणं. फिरवण्याचं काम धाकट्या मुलाकडं आलं.

गोचिडांसाठी फक्त कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. तपकिरी गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांत. पार्किंगची भिंत खरवडून, भेगा सिमेंटनं बुजवून घेतल्या आणि बंड्याला डॉक्टरांनी चघळायची गोळी ठरावीक अंतरानं सुरू केली. हे काम मालकांनी स्वतः केलं.

पैशांचाही प्रश्न होता. वर्गणीतून सगळा खर्च उचलणं सोपं होतं. तरी राणीच्या शस्त्रक्रियेचा काही भाग मालकांनी द्यावा, असा आग्रह आम्ही धरला. रक्कम लहान होती आणि त्यांनी ती कुरकुर न करता दिली. शिवाय नवं कुत्रं विकत आणणार नाही, असा शब्द दिला. तो कागदावर घेतलेला नाही, आजींच्या समोर घेतला आहे.

नवी घरं

"शिह त्झू दत्तक द्यायचा आहे" असं कुठंही लिहायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. तरी बातमी फुटलीच. फोन येऊ लागले, आणि त्यातले बरेच "मेटिंगसाठी मिळेल का" असे. नर आहे म्हणून बबलूला आणि पांढरी आहे म्हणून राणीला मागणारे होते. निर्बीजीकरण झाल्याशिवाय कुणालाही कुत्रं दाखवायचं नाही, हा नियम अशा वेळी किती उपयोगी पडतो हे इथं पुन्हा दिसलं. निर्बीजीकरण झालं आहे म्हटल्यावर निम्मे फोन तिथंच संपत.

बबलू नाशिकरोडच्या एका निवृत्त जोडप्याकडं गेला. त्यांच्याकडं आधीचा शिह त्झू म्हातारपणानं गेलेला, त्यामुळं रोजचं विंचरणं, डोळे पुसणं, उन्हात बाहेर न काढणं हे सांगावं लागलं नाही. आखूड नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं जमत नाही, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्यांना भर दुपारी फिरवणं जिवावर बेतू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. आधी पंधरवड्याची चाचणी, मग कागद. राणी ज्या घरी उपचारासाठी होती त्याच घराची झाली.

निष्पत्ती

बबलूचा डोळा वाचला. कॉर्नियावर पांढुरका व्रण राहिला आहे, त्या बाजूनं त्याला धूसर दिसत असावं; त्या बाजूनं हात लावला की दचकतो. राणीचं वजन वाढलं. बंड्याच्या दहा दिवसांत काही निघालं नाही, मुलाचे डोस पूर्ण झाले. त्या मुलाच्या घरच्यांनी तक्रार दिली नाही, आणि तयार ठेवलेला आमचा अर्जही द्यावा लागला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पावसाळ्यात फाटक पुन्हा दोनदा-तीनदा उघडं राहिलं आणि बंड्या मिसळीच्या गाड्यापाशी दिसला. पहाटे टेम्पो काढताना एका हातानं फाटक लावणं मालकांना जमत नव्हतं. बाईंनी त्यावर बोलणी न करता वेल्डरला बोलावून फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग बसवून घेतली. तेव्हापासून तो एकटा बाहेर दिसलेला नाही.

वेगळं काय करता येईल

पहिला बदल वेळेचा. हे बोलणं वर्षभर आधी होऊ शकलं असतं, तेव्हा बबलूच्या केसांना नुसता कंगवा पुरला असता. आता त्या सोसायटीत असं कुत्रं दिसलं की ग्रुपवर फोटो टाकण्याआधी ओळखीतलं एक माणूस त्या घरी जाऊन येतं. जाताना प्रश्न घेऊन जायचं: दिवसा घरी कोण असतं, फिरवतं कोण, शेवटची लस कधी? उत्तरं ऐकताना कुठं अडतंय ते समजतं.

दुसरा, बिस्किटांचा. रस्त्यावर खाणं मिळत राहिल्यानं घरच्यांना कुत्री सुखात आहेत असं वाटत राहिलं. मालक असलेल्या कुत्र्याला खायला घालायचंच असेल तर घरात सांगून घालावं. पाणी मात्र सगळ्यांसाठी ठेवावं.

तिसरा, रक्ततपासणीचा. राणीच्या प्लेटलेट तपासल्या गेल्या कारण डॉक्टरांनी आग्रह धरला. गोचिडांनी भरलेल्या कुत्र्याच्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी ही तपासणी व्हायलाच हवी, निर्बीजीकरणाचा कॅम्प असला तरी. खर्च वाचवण्यासाठी ती गाळणं परवडणारं नाही.

चौथ्या बाबतीत आमच्यात अजून एकमत नाही. लेखी तक्रार हाताशी ठेवून बोलायला जाणं बरोबर, की नंतर ती दाखवायची वेळ आली तर विश्वास तुटेल? या घरात ती दाखवावी लागली नाही. जिथं मारहाण आहे, पिंजऱ्यात डांबलेलं आहे, पिल्लांचा धंदा आहे, तिथं बोलणी लांबवत बसू नये, थेट तक्रार द्यावी, यावर मात्र दुमत नाही. द्वारकेचा तो विकणारा माणूस याच वर्गातला. त्याच्याबद्दलचा अर्ज आम्ही बबलूच्या दवाखान्याच्या कागदांसह तयार केला आहे. मालक त्यात साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाले आहेत.